परक्याचे ऋण

ऋणानुबंध हा आपल्या भाषेतला मोठा सोयीचा शब्द आहे. आगगाडीच्या डब्यात एखादा अनोळखी माणूस सरकून जागा देतो, डब्यातली दशमी पुढे करतो, दोन स्टेशनांत घरचा होऊन जातो, आणि उतरताना आपण म्हणतो, "काही तरी ऋणानुबंध असला पाहिजे." या शब्दामागे एक हिशेब आहे. कोणी कोणासाठी उगाच काही करीत नाही. या जन्मी नसेल तर मागल्या जन्मी काही देणेघेणे झालेले असते आणि त्याची बाकी कोठे तरी खतावलेली असते, अशी ही कल्पना. मला ती लहानपणापासून आवडत आली आहे, कारण तिच्यामुळे जगात कोणी पुरते परके उरत नाही. पण अलीकडे तिच्याविषयीच मला शंका येऊ लागली आहे. जगातली सगळी माणसे जर जुने सावकार आणि जुनी कुळे असतील, तर परक्याचा, केवळ परका म्हणून, आपल्यावर काही हक्क आहे की नाही? ज्याचे आपण काही लागत नाही, ज्याने आपल्याला काही दिलेले नाही आणि पुढेही जो काही देऊ शकणार नाही, त्याच्यासाठी माणसे कधी कधी उठतात. ती कशाच्या बळावर?

ही शंका माझ्या मनात एका कादंबरीने घातली, आणि कादंबरीच्या आधी एका बंद दाराने. दाराची हकीकत आधी सांगतो.

२०२१ च्या एप्रिल महिन्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू वारल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, यजमान जाऊन पुष्कळ वर्षे झालेली, मुलगा परदेशी. वीस वर्षांचा आमचा शेजार, आणि त्या वीस वर्षांत त्यांच्या घरून आलेल्या वाट्यांचा हिशेब मांडायचा तर वही लागेल. बिरड्याची उसळ, श्रावणातल्या शुक्रवारचे पुरण, माझी मुलगी तापाने पडली तेव्हा मऊ भात आणि मेतकूट. वाटी रिकामी परत करू नये म्हणून माझी पत्नी तीत निदान चिमूटभर साखर घालून पाठवी. त्या आठवड्यात काकूंना ताप आला. तीन दिवस त्या घरीच होत्या. मी एकदा फोन केला. "काही लागले तर सांगा," असे म्हणालो. आणि ज्याला स्वतः उठायचे नसते तो नेमके हेच वाक्य म्हणतो, हे मला बोलता बोलताच कळले होते. चौथ्या दिवशी पहाटे त्या गेल्या. प्लॅस्टिकच्या पोशाखातली दोन माणसे आली, त्यांनी त्यांना गुंडाळले आणि जिन्यावरून खाली नेले. मी दाराच्या भिंगातून पाहत होतो. जिन्याच्या वळणावर त्यांतल्या एकाचा पाय अडखळला आणि तो "सांभाळ, सांभाळ" असे म्हणाला. मी दार उघडले नाही.

नियम होते, भीती होती, घरात लहान मूल होते. सगळी कारणे खरी होती आणि मला कोणी बोलही लावला नाही. पण एक गोष्ट माझ्या मनातून जाईना. येथे ऋण होते. वीस वर्षांचे, वाटीवाटीने चढलेले, याच जन्माचे ऋण. अनुबंध मात्र ऐन वेळी कडीपाशी येऊन थांबला.

त्याच पावसाळ्यात सिग्रिड उंडसेट या नॉर्वेजियन लेखिकेची 'क्रिस्टिन लावरान्सदात्तर' ही तीन खंडांची ऐतिहासिक कादंबरी मी इंग्रजी भाषांतरातून पुन्हा वाचली. तरुणपणी वाचली होती तेव्हा पहिल्या खंडातले प्रेमप्रकरण तेवढे लक्षात राहिले. शेवट मी घाईने उरकला होता. या वेळी शेवटाशीच थबकलो.

उंडसेटबाईंचा जन्म १८८२ चा. वडील पुराणवस्तूंचे संशोधक. मुलगी त्यांच्या सहवासात जुन्या वस्तू हाताळत वाढली. ती अकरा वर्षांची असताना ते वारले. पुढे संसाराला हातभार लावण्यासाठी तिने सुमारे दहा वर्षे एका कचेरीत चिटणिशी केली आणि फावल्या वेळात लेखन केले. या कादंबरीचे खंड १९२०, १९२१ आणि १९२२ या वर्षी प्रसिद्ध झाले आणि १९२८ साली बाईंना नोबेल पारितोषिक मिळाले. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी आणि दरबार येतात. येथे राजे आहेत, पण ते कडेकडेने जातात. मध्यभागी आहे चौदाव्या शतकातले घर: हिवाळ्यासाठी साठवलेले गवत, दूधदुभते, लोकर, बाळंतपणे, आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा अडकवून पहाटेपासून फिरणारी एक बाई. दुसऱ्या खंडाच्या नावाला मराठीत 'घरधनीण' याहून चांगला शब्द मिळणार नाही.

'लावरान्सदात्तर' म्हणजे लावरान्सची मुलगी. लावरान्स हा गुडब्रान्सडाल खोऱ्यातल्या योरुंडगार्ड या वाडीचा मालक. सज्जन, देवभीरू, या मुलीवर जीव टाकणारा. त्याने तिचे लग्न सिमोन नावाच्या सालस तरुणाशी ठरवले. पण ऑस्लोच्या मठात वर्षभर राहायला गेली असताना क्रिस्टिनची गाठ एर्लेंडशी पडली. एर्लेंड देखणा, उमदा, बेफिकीर; दुसऱ्याच्या बायकोबरोबर राहून दोन मुलांचा बाप झालेला. क्रिस्टिनने हट्ट धरला. त्या हट्टापायी सिमोनशी ठरलेले लग्न मोडले, त्या दुसऱ्या स्त्रीचा जीव गेला, आणि बाप मनातून खचला. लग्नाच्या दिवशी तिने कुमारिकेचा मुकुट माथ्यावर घेतला तेव्हा तिच्या पोटात मूल होते आणि ते तिला एकटीलाच ठाऊक होते. कादंबरीतले तिचे एकटेपण मला येथून सुरू झालेले दिसते. मांडव भरलेला आहे, वडील शेजारी उभे आहेत, आणि ती एकटी आहे.

पुढचे तिचे आयुष्य माणसांनी गजबजलेले आहे. सात मुलगे झाले. नवऱ्याची विस्कटलेली मालमत्ता तिने राबून सावरली. एर्लेंड राजाविरुद्धच्या कटात सापडला, वतन गेले, आणि सगळे कुटुंब तिच्या वडिलांच्या वाडीवर आले. नवरा-बायकोचे एकमेकांवर प्रेम होते, यात शंका नाही. पण तो विसरून जाणारा आणि ती काहीच न विसरणारी. त्याने केलेला प्रत्येक अपराध तिच्या मनात तारीखवार नोंदलेला असे. एका भांडणात ती असे काही बोलली की तो घर सोडून डोंगरातल्या एका उजाड वाडीवर जाऊन राहिला. पुढे लोकांनी तिच्या चारित्र्यावर किटाळ घेतले तेव्हा तो धावून आला, आणि त्या झटापटीत मारला गेला. मग घर हळूहळू रिकामे झाले. धाकटा मुलगा आजाराने गेला. थोरले दोघे मठात गेले, त्यांतला एक आंधळा होत चाललेला. एक आइसलंडला गेला. वाडी सांभाळणाऱ्या मुलाची बायको घरात आली आणि जुडगा तिच्या कमरेला गेला. सून वाईट नाही. कामाला चांगली आहे, सासूचा मान ठेवते. परंतु घर आता तिच्या पद्धतीने चालते, आणि सासूला दिवसभर काही तरी खुपत राहते. हे घर मराठी वाचकाला निराळे समजावून सांगायला नको. एके दिवशी क्रिस्टिन निघते, यात्रेकरूसारखी पायी निदारोसला जाते, आणि जवळच्या रेइन येथील जोगिणींच्या मठात आश्रय घेते.

आपण याला वानप्रस्थ म्हणू, आणि कादंबरी येथे संपली असती तर ते शोभलेही असते. पण १३४९ साली नॉर्वेत प्लेगची ती काळी साथ येते. त्या देशाची निम्मी किंवा त्याहूनही अधिक माणसे तिने नेली, असे इतिहासकार मानतात. मठात मुली मरतात, गावात घरेच्या घरे ओस पडतात. एका रात्री बातमी येते की गावातले काही पुरुष स्मशानात जमले आहेत. साथीच्या देवतेला बळी म्हणून ते एका लहान मुलाला जिवंत पुरणार आहेत. मुलगा कोणाचा? स्टाइनुन नावाच्या एका कंगाल, बदनाम बाईचा. त्याला विचारणारे कोणी नाही, म्हणूनच तो निवडला गेला. क्रिस्टिन आणि जोगिणी धावत जातात. क्रिस्टिन त्या मुलाला खड्ड्यातून बाहेर काढते आणि पुरुषांना बोल लावते. तेव्हा त्यांतला एक जण तिला टोमणा मारतो: या पोराची आई समुद्राकाठच्या खोपटात केव्हाची मरून पडली आहे, तिला कोणी हात लावायला तयार नाही; एवढा धर्म सांगतेस तर जा, तिला घेऊन ये. क्षणभर कोणी बोलत नाही. आणि क्रिस्टिन म्हणते, जाते.

ती जाते. तिच्याबरोबर उल्फ जातो. एर्लेंडचा जुना नातलग आणि कारभारी, ज्याच्यावरून तिच्यावर किटाळ आले होते तोच. अंधारात, दुर्गंधीत, ते प्रेत तेथून हलवले जाते. त्याच रात्री क्रिस्टिनला रोग धरतो. मरताना ती बोटातली लग्नाची अंगठी काढून देते, त्या अनोळखी बाईच्या आत्म्यासाठी प्रार्थना व्हाव्यात म्हणून.

तीन खंड जिने आपला नवरा, आपली मुले, आपली वाडी यांपलीकडे फारसे पाहिले नाही, तिचा शेवटचा संबंध जडतो तो जिचे जिवंतपणी तोंडही पाहिले नाही अशा एका प्रेताशी. याला काय म्हणायचे?

सोपे उत्तर विरक्तीचे. माया तुटली, 'माझे' गळून पडले, म्हणून सगळे आपले झाले. आपल्याकडच्या कीर्तनकाराने हेच सांगितले असते आणि तिकडच्या धर्मोपदेशकानेही. पण कादंबरी तसे सांगत नाही. मठातही क्रिस्टिन मनाने मुलांचाच हिशेब करीत असते. तिचा ताठा, तिचा हट्ट, काही गेलेले नाही. दुसरे उत्तर मातृत्वाचे. सात मुलांच्या आईला खड्ड्यातले पोर पाहवले नाही. हे खरे आहे, पण पोरापुरते. पोर तर तिने बाहेर काढले होते; सडलेल्या प्रेतासाठी वात्सल्य कसे पुरेल? तिसरे उत्तर जरा कडू आहे. तिला कोणी तरी डिवचले आणि तिच्या मानी स्वभावाने माघार घेतली नाही. मला वाटते यात अर्धेअधिक सत्य आहे, आणि उंडसेटबाईंनी ते लपवले नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. ज्या हट्टाने तिने बापाचे मन मोडले तोच हट्ट येथे उभा राहिला आहे. सत्कृत्याचे मूळ शुद्धच असते, असा आपला एक लाडका समज आहे. त्यामुळे आपण आपले मन शुद्ध होण्याची वाट पाहत बसतो.

पण डिवचल्याने माणूस फार तर दारापर्यंत जातो. पुढचे अंतर कशाने कापले जाते? येथे मला एक साधी गोष्ट सुचते. या बाईला रात्री उठण्याची सवय होती. सात मुलांची आई हजारो वेळा रात्री उठलेली असते. तिने आजाऱ्यांची घाण काढलेली होती, मेलेल्यांना अंघोळ घातलेली होती, तान्हे मूल पुरलेले होते. तिचे प्रेम आपल्यापुरते होते, पण तिचे हात आपल्यापुरते राहू शकत नव्हते. हात एकदा शिकले की ते कोणाचे काम आहे हे विचारीत नाहीत. मराठी वाचकाला येथे १८९७ सालचे पुणे आठवेल. प्लेगने पछाडलेल्या एका मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई फुले दत्तक पुत्र यशवंतच्या दवाखान्याकडे निघाल्या, आणि त्याच रोगाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. पण सावित्रीबाईंचा तेथवरचा रस्ता आपल्याला स्पष्ट दिसतो. मुलींची शाळा, अडलेल्या विधवांसाठी काढलेले बालहत्या प्रतिबंधक गृह: लोकांच्या लेकरांसाठी त्या आयुष्यभर उठत आल्या होत्या. क्रिस्टिनच्या मागे असा रस्ता नाही. म्हणूनच ती माझ्यासारख्या संसारी माणसाला जास्त अडचणीत टाकते. 'ती थोर होती' असे म्हणून तिच्यापासून सुटता येत नाही.

आता या विचाराला एक मोठी हरकत आहे आणि ती त्याच स्मशानात उभी आहे. खड्डा खणणारे ते पुरुष कोण होते? तेही बापच होते. घरी त्यांची मुले होती, काही मेली होती, उरलेली वाचावीत म्हणून ते परक्याचे पोर मातीत घालायला निघाले होते. क्रूर म्हणून नव्हे, आपल्यांवरच्या मायेने. ज्या मायेने क्रिस्टिनचे हात घडवले तीच माया तो खड्डा खणत होती. हे वाचले तेव्हा पुस्तक मिटून मी बराच वेळ बसलो. 'घरात लहान मूल होते' हे माझेही कारण होते. मी कोणाला पुरले नाही, हे खरे. पण तीन दिवस एक म्हातारी बाई खालच्या मजल्यावर तापाने फणफणत होती, आणि पेज करून तिच्या दाराबाहेर ठेवून यायला कोणत्याच नियमाची आडकाठी नव्हती.

मग संसार असताना परक्यासाठी उठणे अशक्यच म्हणायचे काय? क्रिस्टिनपाशी त्या रात्री राखण्यासारखे कोणी उरले नव्हते म्हणून ती जाऊ शकली, असे म्हणून मी काही दिवस स्वतःची समजूत घातली. ती टिकली नाही. काकूंना खाली नेणाऱ्या त्या दोन माणसांच्या घरीही लहान मुले असतीलच. ती पगारासाठी आली होती, कोणी म्हणेल. असेल. क्रिस्टिन डिवचल्यामुळे गेली, ती पगारासाठी आली. कारण कोणतेही असो, उचलले त्यांनी. आणि तो "सांभाळ" हा शब्द काही पगारात धरलेला नव्हता. तो सोबत्याला उद्देशून होता की काकूंना, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

कोणी असेही विचारील की, प्रेताशी कसला आला आहे संबंध? संबंध दोन्ही बाजूंनी हवा. स्टाइनुनला काही कळले नाही. तिने क्रिस्टिनचा एकटेपणा दूर केला, असे कसे म्हणावे? मी एवढेच म्हणेन की आयुष्यभर क्रिस्टिनच्या भोवती माणसे होती आणि प्रत्येकाकडून तिचे काही येणे होते. एर्लेंडने असे वागायला हवे होते, मुलांनी तसे, सुनेने तसे. भरल्या घरात ती एकटी पडली ती या येणेबाकीमुळे. त्या खोपटात पहिल्यांदाच तिच्यासमोर असे माणूस होते की जिच्याकडून काही येणे नव्हते आणि येणारही नव्हते. तेथे हिशेब संपला. तिचे एकटेपण संपले की नाही, कोण जाणे. पण त्या रात्रीच्या क्रिस्टिनला एकटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि ती अंगठी. लग्नाची अंगठी ही तिच्या सगळ्या ऋणांची खूण होती: बापाला दिलेले दुःख, सिमोनचा मोडलेला शब्द, त्या दुसऱ्या स्त्रीचे मरण, एर्लेंडला बोललेले शब्द. ज्यांचे देणे होते ती सगळी माणसे मेलेली होती. मेलेल्या धनकोचे देणे फेडायचे कोठे? ती ते देऊन टाकते एका परकीला. ऋणानुबंध हा शब्द मला टाकून द्यायचा नाही. फक्त त्यातला हिशेब मी उलटा वाचू लागलो आहे. परक्याचे आपल्यावर ऋण असते ते त्याने मागल्या जन्मी काही दिले म्हणून नव्हे. ज्यांनी याच जन्मी दिले आणि ज्यांचे फेडायचे राहून गेले, त्यांचे देणे स्वीकारायला आता तोच तेवढा उरलेला असतो म्हणून.

काकूंची एक वाटी आमच्याकडे राहिली आहे. पितळेची, काठाला पोचा आलेली. वर्षभराने त्यांचा मुलगा घर विकायला आला तेव्हा मी ती त्याच्यापुढे धरली. तो म्हणाला, "असू द्या तुमच्याकडेच." त्या घरात आता नवे बिऱ्हाड आले आहे. नवरा-बायको दोघेही नोकरीवर जातात. घरात दिवसभर एक आजारी सासूबाई असतात. आमची अजून ओळख नाही. परवा माझ्या पत्नीने बिरडे केले. मी ती वाटी घासून घेतली, भरली आणि जिना उतरून खाली गेलो.